शंका-समाधान : मे महिन्यात टिकेल तेच हिरवं कुंपण

मृग जवळ आला की या सदराकडे कुंपणाच्या पत्रांची रीघ लागते. कुणाला बंगल्याच्या भिंतीलगत हिरवी ताटी हवी असते, कुणाला बागेत गुडघ्याएवढी आखीव कडा, तर कुणाला शेळ्या अडवायच्या असतात. बहुतेकांनी रोप आधी पसंत केलेलं असतं आणि जमिनीचा विचार नंतर आलेला असतो. आपल्याकडे वर्षाला 550 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर ठाण मांडतो आणि खाली चुनखडीची काळी माती आहे. ऑगस्टमध्ये सोलापुरात काहीही हिरवं दिसतं. कुंपण निवडताना विचारायचं ते एवढंच, की हे मे अखेर कसं दिसेल? या वेळची सगळी उत्तरं याच प्रश्नाला धरून आहेत.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेले असताना तिथली बॉक्सची ठेंगणी, कापलेली कुंपणं फार आवडली. इथे आल्यावर पुण्याच्या एका रोपवाटिकेतून ‘बॉक्सवुड’ म्हणून काही रोपं आणली. फेब्रुवारीपर्यंत ती छान होती. एप्रिलपासून पानं तांबूस झाली आणि टोकं करपली. पाणी रोज घालते. काय चुकतंय?
— वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : आधी रोप खरंच बॉक्सचं आहे का ते पाहा. बॉक्सची पानं लहान, जाडसर, चकचकीत असतात आणि फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात. पुष्कळदा पानाच्या टोकाला बारीकशी खाच असते. एकाच देठावर पाच-सात पानं असतील आणि चुरगाळल्यावर लिंबाच्या पानासारखा वास येत असेल, तर ती आपली कामिनी, म्हणजे कुंती. तसं असेल तर काळजीचं कारण नाही. ती इथली माती सोसते.

खरा बॉक्स असेल तर मात्र त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. हे युरोपातल्या थंड हवेचं झुडूप आहे. आपल्या देशातला त्याचा भाऊबंद पश्चिम हिमालयाच्या उतारांवर वाढतो. तिकडे त्याला चिकरी म्हणतात, आणि त्याच्या घट्ट, पिवळसर लाकडाच्या फण्या नि चमचे कोरतात. चुन्याचं या झाडाला वावडं नाही. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ‘बॉक्स हिल’ नावाची टेकडीच आहे, तीही खडूच्या दगडाची. म्हणजे आपल्या मातीतली चुनखडी इथे दोषी नाही. त्याला मारतात त्या दोन गोष्टी: दुपारची तापलेली कोरडी हवा आणि मुळाशी साचलेलं पाणी. बॉक्सची मुळं बारीक आणि वरवरची असतात. काळी माती रोज भिजली की तिच्यात हवा राहत नाही. मुळं गुदमरतात, पानांना पाणी पोहोचत नाही आणि पानं करपतात. करपलेलं पान पाहून आपण आणखी पाणी घालतो.

रोपं जमिनीतून काढून 12 इंची मातीच्या कुंड्यांत लावा. हे काम मात्र पहिले चार-दोन पाऊस पडून हवा निवल्यावर करा. कुंडीत दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू घाला आणि तळाचं भोक मोकळं ठेवा. जागा पूर्वेची, सकाळचं ऊन दहा-अकरापर्यंतच मिळेल अशी हवी. होळीपासून मृगापर्यंत वर 50 टक्क्यांची शेडनेट लावा. बोट घालून वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी द्या. अशा रीतीनं चार-सहा कुंड्या जगवता येतील. त्यातही बारीक पानांची चिनी-जपानी जात युरोपी जातीपेक्षा उष्णता जरा अधिक सोसते. पण 20-25 फुटांचं कुंपण बॉक्सचं करण्याचा विचार सोडून द्या. खुद्द युरोपात हे झाड अडचणीत आहे. 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याच्यावर पानं झडवणारा बुरशीजन्य करपा आला. 2007 मध्ये जर्मनीत पूर्व आशियातून आलेला पतंग सापडला. त्याच्या अळ्या झुडूप निष्पर्ण करून टाकतात. तिथले माळीही आता पर्यायी झुडपं शोधत आहेत.

प्रश्न : विजापूर रस्त्यावर नवं घर बांधलं आहे. समोर 25 फूट लांबीची जागा आहे. वर्षभर हिरवं राहील, कापून आकार देता येईल आणि भिंतीला धोका होणार नाही असं काय लावावं? माती काळी आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात.
— सेवानिवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : तुमच्यासाठी तीन नावं आहेत: कोयनेल, मेंदी आणि कामिनी.

कोयनेल सगळ्यात काटक आहे. मूळची ती समुद्रकाठची, खाडीलगत वाढणारी वनस्पती, त्यामुळे खारट पाणी आणि चोपण जमीन दोन्ही सोसते. पानं कडू असल्यानं शेळी सहसा तोंड लावत नाही. कापाल तसा आकार घेते. तारेच्या सांगाड्यावर चढवून हत्ती-मोर करायलाही तीच सोयीची. रोपं विकत घेण्याचीही गरज नाही. पेन्सिलीच्या जाडीचे, आठ इंची छाट आर्द्रा नक्षत्रात खोचले की महिन्याभरात मुळं धरतात. तिचा दोष म्हणजे वाढ फार. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कात्री लावावी लागते.

मेंदी आपल्या हवेची. कमी पाण्यावर जगते, फुलांना सुगंध असतो आणि छाटलेली पानं घरात कामी येतात. मात्र पाण्याचा फारच ताण पडला तर उन्हाळ्यात ती पानं गाळते. महिना-दीड महिना विरळ कुंपण चालणार असेल तरच ती लावा.

कामिनी या तिघींत देखणी. पानं गर्द हिरवी, पावसानंतर पांढऱ्या फुलांचा बहर, आणि बॉक्सच्या घट्ट कापलेल्या कुंपणाच्या सगळ्यात जवळ जाणारं रूप. वाढ सावकाश, म्हणून कात्री कमी. पण पहिली दोन वर्षं तिला सांभाळावं लागतं. उन्हाळ्यात आठवड्याला पुरेसं पाणी देण्याची सोय असेल तर माझं मत कामिनीला आहे, नसेल तर कोयनेलला.

भिंतीची काळजी रास्त आहे, फक्त तिचं कारण झुडपांची मुळं नाहीत. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि भिंतीला तडा जातो तो या हालचालीनं. म्हणून रांग भिंतीपासून दोन फूट आत घ्या आणि पाणी भिंतीकडे वाहणार नाही असा उतार ठेवा. फायकसच्या जाती मात्र कुंपणाला घेऊ नका. कुंडीत त्या गरीब वाटतात, जमिनीत गेल्यावर पाया आणि ड्रेनेजची लाइन शोधत जातात.

लावणी अशी करा. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर आत्ताच खोदून उन्हात तापू द्या. निघालेल्या मातीच्या दोन टोपल्यांना एक टोपली कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून चर भरा. भरताना माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच ठेवा, म्हणजे हस्ताच्या पावसात पाणी तुंबणार नाही. चांगली ओल झाल्यावर एक-एक फुटावर रोपं लावा. 25 फुटांना 25-26 रोपं पुरतात. रोप रुजून नवी पालवी आली की शेंडा निर्दयपणे खुडा. जमिनीपासून फूटभरावर पहिला कट बसला नाही तर कुंपण खालून कधीच भरत नाही.

प्रश्न : कामिनी आणि एक्झोरा दोन्हींची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. युरिया दिला, फरक पडला नाही.
— वाचक, अक्कलकोट

उत्तर : हा केवडा. उसात तुम्ही पाहिलाच असेल. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. लोह कमी पडलं तर नवी, शेंड्याची पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, त्यामुळे युरियाचा उपयोग होणार नव्हता.

आपल्या मातीत लोह पुष्कळ आहे. ती बेसॉल्टच्या दगडापासून झालेली माती आहे. पण चुनखडीमुळे सामू 8 च्या वर जातो आणि लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणूनच नुसतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत निकामी होतं. दोन मार्ग आहेत. लगेच गुण हवा असेल तर एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी नव्या पानांवर फवारा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारा. फवारा भिंतीवर किंवा फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. टिकाऊ उपाय हवा असेल तर चिलेटेड लोह मातीतून द्या, पण डब्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं पाहूनच घ्या. बाजारात जास्त मिळणारं ‘ईडीटीए’ फवारणीला चालतं, चुनखडीच्या मातीत मात्र ते टिकत नाही.

त्याआधी पाणी कमी करून पाहा. सतत ओल्या मातीतही हीच लक्षणं दिसतात. कामिनी या उपायांनी सुधारेल. एक्झोराला आम्लधर्मी जमीन लागते. कोकणात ती रस्त्याकडेला फुलते, तुमच्याकडे तिला जन्मभर औषध लागेल. तिला कुंडीत हलवा.

प्रश्न : नळाला काही दिवसांआड पाणी येतं. घरच्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी आणि वॉशिंग मशीनचं पाणी कुंपणाला घातलं तर चालेल का?
— वाचक भगिनी, होटगी रस्ता

उत्तर : आरओच्या पाण्याचं गणित घरीच मांडता येतं. यंत्र 4 लिटर पाणी घेऊन 1 लिटर शुद्ध देत असेल, तर त्या 1 लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या 3 लिटरमध्ये जातात. म्हणजे सांडपाण्यातले क्षार मूळ पाण्याच्या सुमारे सव्वा ते दीडपट होतात. यंत्राला नळाचं पाणी जात असेल आणि त्याचा टीडीएस 500-600 असेल, तर सांडपाणी 700-800 च्या घरात येईल. ते कुंपणाला खुशाल घाला. पण बोअरचं 1500 टीडीएसचं पाणी यंत्राला जात असेल तर सांडपाणी 2000 पर्यंत पोहोचतं. ते फक्त कोयनेलला घाला, तेही आलटून पालटून. पावसाळ्यात पूर्ण थांबवा, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील.

वॉशिंग मशीनचं पहिलं, साबणाचं पाणी नको. डिटर्जंटमधला सोडियम काळ्या मातीची घडण मोडतो. माती वर पापुद्र्यासारखी घट्ट होते आणि पुढे चांगलं पाणीही आत मुरत नाही. शेवटच्या खळबळीचं पाणी चालेल.

पाणी किती लागतं? 25 फूट लांब, दोन फूट रुंद पट्ट्यातल्या रुजलेल्या कुंपणाला भर उन्हाळ्यात आठवड्याला ढोबळमानानं 150 लिटर, म्हणजे दहा बादल्या. नळाला पाणी येईल त्या दिवशी एकदाच, पण सावकाश आणि खोल द्या. काळी माती पाणी हळू पिते. घाईनं ओतलेली बादली भेगांतून खाली तरी जाते, नाहीतर वाहून जाते. आधी भेगा मातीनं बुजवा. मग पट्ट्यावर तीन इंच उसाचं पाचट पसरा. आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. पाचट असेल तर पाण्याची पाळी दोन-तीन दिवसांनी लांबते.

प्रश्न : आठ वर्षांचं मेंदीचं कुंपण वरून दाट आहे, पण गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या दिसतात. माळी म्हणतो, सगळं उपटून नवं लावा.
— वाचक, बाळे

उत्तर : उपटू नका. हा छाटणीचा दोष आहे. वर्षानुवर्षं फक्त वरचा माथा कापला की कुंपण वर रुंद आणि खाली अरुंद होत जातं. वरच्या छपरानं खालच्या फांद्यांचं ऊन अडतं आणि त्या पानं टाकतात. कुंपणाचा छेद पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद हवा. पायाशी दोन फूट रुंदी असेल तर माथा दीड फूट ठेवा. दोन्ही टोकांना बांबू रोवून सुतळी ताणा आणि तिच्या अंदाजानं कापा. नजरेनं कापलेला माथा हमखास वाकडा येतो.

जुनं कुंपण दोन हप्त्यांत नवं करा. यंदा पुनर्वसूच्या सुमारास, पाऊस बसल्यावर, रस्त्याकडची बाजू मुख्य खोडापासून चार-सहा इंच ठेवून कापा आणि माथा दोन फुटांवर आणा. कापणी झाल्यावर शेणखत आणि पाणी द्या. उघड्या खोडावर फुटवे येतील. दुसरी बाजू पुढच्या पावसाळ्यात घ्या. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर झाडाकडे अन्न तयार करायला पानंच उरत नाहीत. मेंदी यातून उठते, कामिनीही उठते, पण सावकाश. मोरपंखीच्या जुन्या लाकडाला मात्र सहसा पालवी येत नाही. ती हिरव्या भागाच्या आतच कापावी.

एरवीचं वेळापत्रक सोपं आहे. मोठी छाटणी पावसाच्या सुरुवातीला करा. दुसरी, हलकी छाटणी गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत करा. होळीनंतर कात्री टांगून ठेवा. एप्रिल-मेमध्ये कापलं तर आतलं कोवळं लाकूड थेट उन्हात येतं आणि भाजतं. उन्हाळ्यातलं कुंपण जरा अस्ताव्यस्त दिसलं तरी चालेल, तीच त्याची सावली आहे. आणि कामिनीची फुलं हवी असतील तर पावसाळ्यात सारखी कात्री लावू नका. ती नव्या फुटीच्या टोकालाच फुलते.

प्रश्न : पावसाळ्यात मेंदीची पानं दोन दिवसांत फस्त होतात. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो. एकच औषध दोन्हींना चालेल का?
— वाचक, मोहोळ

उत्तर : नाही. मेंदीवर ती बहुधा एरंडावरची उंटअळी असावी. चालताना पाठीची कमान करते, त्यावरून ओळखा. परिसरात एरंड असेल तर शक्यता अधिक. थोड्या असतील तर संध्याकाळी हातानं वेचा, जास्त असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचं आवरण असल्यानं नुसतं औषध घसरून जातं. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून तो पाडा. फार माखलेले शेंडे कापून जाळा. मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल, त्यात थोडा द्रव साबण मिसळून आठवड्याच्या अंतरानं दोन-तीनदा फवारा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी करा. गोड चिकट्यासाठी त्या या किडीची राखण करतात आणि तिला फांदीफांदीवर पोहोचवतात.

प्रश्न : दोन एकर डाळिंब आहे, बांधाला कागदी लिंबाची वीस झाडं आहेत. शेळ्या आणि वारा दोन्ही अडवायचे आहेत. शहरात कामिनीचं कुंपण पाहिलं, ते शेताला लावावं म्हणतो.
— शेतकरी, सांगोला तालुका

उत्तर : लिंबाजवळ कामिनी लावू नका. ती लिंबाच्याच कुळातली. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कामिनीच्या कोवळ्या पालवीवर आनंदानं वाढते आणि तिथून लिंबावर जाते. सतत छाटलेलं कुंपण सतत कोवळी पालवी देतं, म्हणजे तिला बारमाही दाणापाणी. कढीपत्त्याचंही तसंच.

तुम्ही करवंद लावा. ते बारमाही हिरवं, काटेरी, कमी पाण्यावर जगणारं आहे, आणि वर फळं देतं. तीन-तीन फुटांवर रोपं लावून पहिली दोन वर्षं उन्हाळी पाणी द्या. चौथ्या वर्षी शेळी आत शिरणार नाही. इंग्रज सरकारनं मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागात जिवंत कुंपण उभं केलं होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जिथे जे तगेल ते तिथे लावलं होतं. 1879 मध्ये ती रेषा मोडीत निघाली आणि कुंपणही नाहीसं झालं. त्यांचा कर अन्यायाचा होता, पण जागेप्रमाणे जात निवडण्याची त्यांची रीत बरोबर होती.

डाळिंबाच्या ओळीपासून कुंपण दहा-बारा फूट लांब ठेवा आणि माणसाच्या छातीपेक्षा उंच वाढू देऊ नका. वारा मंदावायला हवा, कोंडायला नको. बागेत दमट हवा कोंडली की तेल्याला आमंत्रणच.

प्रश्न : शाळेच्या मैदानाभोवती सोनेरी पानांचा ड्युरांटा आणि मधूनमधून कण्हेर लावायचं ठरलं आहे. काही सूचना?
— मुख्याध्यापिका, पंढरपूर

उत्तर : दोन्ही रद्द करा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर जीवघेण्या आहेत. गुरं खात नाहीत म्हणून महामार्गाच्या दुभाजकात ती शोभते, मुलांच्या हाताशी नको. ड्युरांटाची नारिंगी फळं मुलांना बोरांसारखी वाटतात, पण तीही विषारी. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते, म्हणून तोही नको. मेंदी लावा. प्रत्येक वर्गाला दहा-दहा फूट वाटून द्या आणि वर्षातून दोनदा छाटणी मुलांकडून करून घ्या. खालून भरलेलं कुंपण कोणत्या वर्गाचं, हे दुसऱ्या वर्षीच दिसेल.

पत्र पाठवणाऱ्यांसाठी : रोपाचं नाव माहीत नसेल तर एक फांदी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून पाठवा. सोबत चार गोष्टी लिहा: ऊन किती तास आणि कोणत्या वेळचं, पाणी कुठलं आणि किती दिवसांनी, दीड फुटावर खणल्यावर माती लागते की मुरूम, आणि गेल्या मे महिन्यात त्या जागेवर काय हिरवं होतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना बऱ्याच जणांना आपल्या जागेसाठीचं झाड आपणच सापडेल.